'कुठेच नाही' म्हणे!

शाळा उघडून आज दुसरा दिवस, आणि चौथीच्या पोरांना घरचा अभ्यास: सुट्टीत कुठे फिरलात, चार्टपेपरवर फोटो लावून पाच ओळी लिहा. आमच्या लेकीने काय लिहिलं? मनाली. बर्फात खेळलो, खूप थंडी होती, मजा आली. फोटोची जागा तेवढी कोरी.

अगं बाई, तू बर्फ पाहिलास तो अमळनेरला, बोरी नदीच्या पात्रात, काडीला लावलेला, वरून काला खट्टा!

अशी सणक गेली ना डोक्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो आम्ही माहेरी. जळगावहून सुरत लाईनची गाडी, पाळधी, धरणगाव, की आलंच अमळनेर. तृतीयेपासून एकादशीचा रथ होईपर्यंत तिथेच मुक्काम. खापरावरच्या पुरणपोळ्या, रस, कडुनिंबाला झोका. ऊन उतरलं की नदीतली यात्रा. संत सखाराम महाराजांची समाधी नदीच्या पात्रातच, आणि तिथल्याच कोरड्या वाळूत पाळणे, बांगड्यांची दुकानं, रसवंत्या, गरम जिलेबी. दोन माणसांच्या खिशात दोनशे रुपये असले तरी रात्र पुरत नाही.

आणि रथ! तो कसा विसरली ही?

वैशाख शुद्ध एकादशीची रात्र. गल्लीत सडा-रांगोळी, ओट्याओट्यावर माणसं. एवढं लाकडाचं धूड वळणावर येतं तेव्हा चाकाखाली मोगरी सरकवतात. लाकडाचाच ठोकळा तो. रथ थांबवायचा त्यानेच आणि वळवायचाही त्यानेच. मोगरी लावणारा माणूस चाकापासून वीतभर अंतरावर वाकलेला असतो, नजर फक्त चाकावर. कर्रर्र आवाज होतो, रथ जागच्या जागी तिरका होतो आणि सगळी गल्ली एकदम श्वास सोडते. आमच्या घरासमोर दोराला हात लावायला मामाने लेकीला पुढे केलं. मागून आई ओरडतेय, "सोडू नको व माय!" पोरीने दोन्ही हातांनी असा घट्ट धरला की घरी आल्यावर तळवे लालभडक, एक कूस रुतलेली. ती काढू देईना. मूठ मिटूनच झोपली.

त्या मुठीवर पाच ओळी नाही सुचल्या?

शाळेचंही एक कळत नाही. 'कुठे फिरलात' हे कशाला विचारायचं? वर्गात अशीही पोरं असतील ज्यांचे बाप मे महिन्यात शेत तयार करत होते. त्यांनी काय चिकटवायचं, ढेकळं? साने गुरुजी ज्या गावात मास्तर होते त्या गावाला जाऊन आलेली पोर खोटं लिहिते, म्हणजे कमाल आहे. माझ्या लिस्टमधल्यांना हे वेगळं सांगायला नको, तुम्ही सगळे असेच मामाच्या गावाला वाढलात.

बरं, ऊन होतं. चव्वेचाळीस अंश काही गंमत नाही, दुपारी घराबाहेर तोंड काढता येत नव्हतं. यात्रेत बायकांच्या सोयीचं तर बोलायलाच नको. आणि उद्या कोणी मनालीचं तिकीट हातात ठेवलं तर मी काही परत करणार नाही, जाईन. झालं समाधान?

जेवताना तिला विचारलं, रथाचं का नाही लिहिलंस? मान खाली घालून म्हणाली, "तूच तर सांगितलं ना शेजारच्या काकूंना, यंदा कुठेच नाही गेलो, माहेरीच होतो."

घास तोंडातच राहिला माझा.

खरंच म्हटलं होतं मी. परवाच, गॅलरीत कपडे वाळत घालताना. त्या केरळचं सांगत होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं. 'कुठेच नाही.' आठ दिवस आईच्या हातचं खाल्लं, तीस वर्षांपूर्वी मी धरला तो दोर माझ्या लेकीने धरला, आणि माझ्या लेखी ते 'कुठेच नाही'. शाळेवर काय ओरडतेय मी!

आत्ता दहा रुपयांचा नवा चार्टपेपर आणलाय. ती पालथी पडून चाक काढतेय, गोल नीट येत नाही म्हणून चिडलीय. मला विचारते, मोगरी त्रिकोणी असते की चौकोनी? आणि माझ्या फोनमध्ये रथाचे पंचवीस फोटो आहेत, सगळे वरचे, झेंडूच्या माळांचे. खालचा एक नाही.

अमळनेरकरांनो, कोणाकडे मोगरीचा जवळून काढलेला फोटो असेल तर आज रात्रीच टाका रे. सकाळी सातला रिक्षा येते.