“पिसवांची औषधे म्हणजे विष, घरगुती उपायच सुरक्षित”: या संदेशाला मुद्देसूद उत्तर

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: पिसवांची औषधे ही कीटकनाशके आहेत, म्हणजे विष, ती कुत्र्याच्या रक्तात भिनतात आणि त्याला झटके येतात. औषध लावूनही पिसवा दिसतात, म्हणजे त्यांचा उपयोगही नाही. त्यापेक्षा रोज जेवणात लसूण घाला, अंगाला टी ट्री तेल चोळा, वरून व्हिनेगर नाहीतर लिंबाचे पाणी फवारा. आणि औषध आणायचेच असेल तर मोठ्या कुत्र्याचे आणून वाटून लावा, आत सगळे एकच असते.

यात थोडे खरे आहे आणि ते पुढे मान्य केले आहे. पण हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर कुत्र्याला, आणि घरात मांजर असेल तर तिला अधिक, खरा धोका आहे.

“नैसर्गिक आहे, म्हणून अपाय नाही”

लसणापासून सुरुवात करू. लसूण आणि कांद्यातली गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात. इजा झालेल्या पेशी शरीर मोडीत काढते आणि रक्त कमी होत जाते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुत्र्यांना वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम लसणाइतका अर्क रोज, असा ७ दिवस दिला. हे प्रमाण मोठे आहे, आणि त्यातही कोणत्याच कुत्र्याला तीव्र रक्तक्षय झाला नाही. पण पेशींना झालेली इजा सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसली आणि रक्ताचे प्रमाण सर्वांत खाली गेले ते ९ ते ११ व्या दिवशी, म्हणजे लसूण बंद केल्यानंतर. बाहेरून कुत्रा ठीक दिसतो, मालकाला वाटते की सोसतो आहे, आणि आत रक्त उतरत असते. मोठ्या कुत्र्याने एखादी पाकळी चुकून खाल्ली तर घाबरू नका. पण संदेशात किती लसूण, किती वजनाला, किती दिवस हे काहीच नसते, आणि लहान चणीच्या कुत्र्याला ‘रोज थोडा’ हा थोडा राहत नाही. शिवाय लसूण खाल्लेल्या कुत्र्याला पिसवा चावत नाहीत याला पुरावा नाही.

टी ट्री तेलाचा मामला याहून गंभीर आहे. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्राकडे दहा वर्षांत नोंदलेल्या, निव्वळ टी ट्री तेलाशी संपर्क आलेल्या ४४३ कुत्र्या-मांजरांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यातल्या बहुतेकांना तेल अपघाताने लागले नव्हते, मालकांनी मुद्दाम वापरले होते. तेल त्वचेतून शोषले जाते, चाटल्यावर पोटातूनही जाते. साधारण २ ते १२ तासांत कुत्रा सुस्तावतो, तोल जातो, मागचे पाय लुळे पडतात, थरथर सुटते, आणि ही लक्षणे ३ दिवसांपर्यंत टिकू शकतात. पेनिरॉयल नावाच्या, पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीचे तेलही पिसवांसाठी सुचवले जाते. ते लावल्याने यकृत निकामी होऊन कुत्रा दगावल्याची नोंद १९९२ पासून वैद्यकीय साहित्यात आहे.

व्हिनेगर आणि लिंबाच्या पाण्याने पिसू मरत नाही. खाजवून सोलवटलेल्या कातडीवर ते आग मात्र करते. लिंबाच्या सालीतले तेल मांजरांना विषारी आहे. भांडी घासायच्या सौम्य साबणाने अंघोळ घातली तर अंगावरच्या पिसवा बुडून मरतात, हे खरे. पण त्याचा अंमल तेवढ्यापुरताच. अंग वाळले की नव्या पिसवा चढतात, आणि वारंवार केल्यास कातडी कोरडी पडते. फिनेल, रॉकेल, जंतुनाशक द्रावण हे कुत्र्याच्या अंगावर कधीही नको. त्याने कातडी भाजते, आणि रॉकेल चाटताना फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

आता दुसरी बाजू पाहा. पिसवांवर दिले जाणारे स्पिनोसॅड मातीतल्या जिवाणूपासून मिळते. पायरेथ्रिन शेवंतीच्या कुळातल्या फुलांतून काढतात. सेलामेक्टिनचे मूळही मातीतल्या एका जिवाणूत आहे. निसर्ग म्हणून निवडायचे ठरवले, तर ही औषधेही त्यातच बसतात. विचारायचे ते एवढेच: पदार्थ कोणता, किती, आणि कोणत्या प्राण्याला.

“औषध रक्तात भिनते आणि झटके येतात”

सगळी औषधे रक्तात जात नाहीत. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचे थेंब मानेमागे लावले की औषध मुख्यतः कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरते. फिप्रोनिल तैलग्रंथींत साठून महिनाभर हळूहळू बाहेर येते. ते पिसवेच्या मज्जातंतूंतल्या ज्या द्वारांवर काम करते, ती सस्तन प्राण्यांतही असतात, पण तिथे त्याची पकड बरीच कमी असते. सशात मात्र ते घातक ठरते, म्हणून सशाला कधीही नाही.

अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सॅरोलानर आणि लोटिलानर या चघळायच्या गोळ्या मात्र रक्तातूनच काम करतात. पिसू चावते आणि मरते. झटक्यांची चर्चा याच गटाभोवती आहे आणि ती निराधार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या गटाबद्दल सूचना काढली: काही प्राण्यांत थरथर, तोल जाणे, झटके दिसले आहेत, आधी कधी झटके न आलेल्यांतही. त्याच सूचनेत ही औषधे बहुसंख्य कुत्र्या-मांजरांसाठी सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचेही म्हटले होते. संदेशात पहिले वाक्य असते, दुसरे गाळलेले असते.

व्यवहारात याचा अर्थ असा: कुत्र्याला अपस्मार असेल किंवा पूर्वी एकदाही झटका आला असेल तर या गोळ्या स्वतःहून देऊ नका. डॉक्टरांना तो इतिहास सांगा आणि दुसऱ्या गटातले औषध मागा. स्पिनोसॅडलाही अपस्मारात जपून वापरावे लागते. गाभण किंवा पिल्लांना पाजणारी कुत्री असेल तर तेही आधी सांगा. वयाची आणि वजनाची अट पाकिटावर वाचा, कारण एकाच औषधाला एका देशात ८ आठवडे तर दुसऱ्या देशात ६ महिने अशी किमान वयाची अट असू शकते. अगदी लहान पिल्लांसाठी फणी हाच पहिला उपाय. नायटेनपायरॅमची गोळी ४ आठवड्यांपासून आणि साधारण १ किलो वजनापासून चालते. अर्ध्या तासात पिसवा मरू लागतात, पण अंमल जेमतेम एक दिवसाचा.

“औषध लावले तरी पिसवा दिसतात, म्हणजे कुचकामी”

बहुतेक लोक फसतात ते इथेच. तीन आठवड्यांत तीन औषधे बदलली जातात, किंवा एकावर एक लावली जातात, आणि अपाय होतो तो त्या भडिमाराने.

कुत्र्यावर आढळणारी पिसू बहुधा ‘मांजर-पिसू’ या जातीचीच असते. रक्त प्यायल्यावर दिवस-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, भरात असताना दिवसाला ४० ते ५०. अंडी केसांना चिकटत नाहीत, घरंगळून अंथरुणात, सतरंजीत, सोफ्याच्या फटीत पडतात. एखाद्या घरातल्या पिसवांची मोजदाद केली तर प्रौढ पिसवा साधारण ५ टक्केच असतात. बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष असतात, आणि ते कुत्र्यावर नसून जमिनीवर असतात. अळी उजेड टाळते, फटीत शिरते आणि प्रौढ पिसवांच्या रक्तमिश्रित विष्ठेवर जगते. मग ती चिकट कोष विणते. त्या कोषात कीटकनाशक पोहोचत नाही. आत तयार झालेली पिसू आठवडेच काय, महिनेही थांबू शकते. ऊब, हादरा आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की क्षणात बाहेर पडते.

म्हणजे आज औषध लावले, अंगावरच्या पिसवा मेल्या, तरी जुन्या कोषांतून नव्या येतच राहतात. त्या चढतात, मरतात आणि मरण्याआधी दिसतात. औषध चालते आहे की नाही हे ‘दिसली का’ यावर ठरत नाही. आठवडागणिक कमी होत आहेत का, हे पाहायचे. सलग ३ महिने, एकही डोस न चुकवता, घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला ज्याचे त्याला योग्य असे औषध, हा किमान हिशोब. एकाला सोडले तर त्याच्यावर वंश वाढत राहतो.

घरात करायचे ते असे. कुत्र्याची अंथरुणे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. पहिले काही आठवडे शक्यतो रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवा: पलंगाखाली, भिंतीच्या कडेने, गाद्यांच्या शिवणीत, गाडीच्या सीटवर. त्याने अंडी उचलली जातात आणि हादऱ्याने कोष फुटतात, बाहेर आलेली पिसू औषध लावलेल्या कुत्र्यावर चढून मरते. पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. प्रादुर्भाव मोठा असेल तर मेथोप्रिन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेला फवारा घ्या. ही कीटकांच्या वाढीच्या संप्रेरकासारखी द्रव्ये आहेत. अंडी आणि अळ्या पुढे वाढत नाहीत, आणि सस्तन प्राण्यांत ते संप्रेरकच नसते. मेथोप्रिन उन्हात लवकर विघटित होते, म्हणून अंगणात त्याचा भरवसा धरू नका. अशा फवाऱ्यांत अनेकदा सोबत पर्मेथ्रिन हे कीटकनाशकही असते. फवारताना माशांची टाकी झाका, तिचा हवेचा पंप बंद करा, आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत प्राण्यांना बाहेर ठेवा.

खात्री करायची असेल तर बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा. निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, माती नव्हे. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोड्याशा चाव्यांनीही कंबर सोलेपर्यंत खाज सुटते, त्यामुळे ‘एकही दिसत नाही’ यावर विसंबू नये. आणि अंग चावताना कुत्र्याकडून पिसू गिळली गेली तर तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर जंताचे औषधही लागेल.

“मोठ्या कुत्र्याचे आणून वाटून लावा”

हे सर्वांत घातक वाक्य. कुत्र्यांच्या अनेक स्पॉट-ऑनमध्ये, म्हणजे मानेमागे लावायच्या थेंबांत, ४५ ते ६५ टक्के पर्मेथ्रिन असते. कुत्रा ते सहज पचवतो. मांजराचे यकृत ते पुरेशा वेगाने निकामी करू शकत नाही. थोडे थेंब लावले, किंवा नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याला मांजराने चाटले, त्याच्या कुशीत झोपली, तरी तिला थरथर, झटके, प्रचंड ताप येऊन जीव जाऊ शकतो. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन नसलेलेच औषध घ्या. कुत्र्याला ते लावले गेलेच असेल तर त्याला आणि मांजराला ७२ तास वेगळे ठेवा.

कुत्र्या-कुत्र्यांतही वाटणी नको. पिपेट, म्हणजे थेंबांची छोटी नळी, वजनाच्या टप्प्यानुसार भरलेली असते. डोळ्यांच्या अंदाजाने अर्धी केली की एकाला जास्त होते, दुसऱ्याला अपुरे. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, त्यातून स्वतःचे वजन वजा करा आणि त्या टप्प्याचेच पाकीट घ्या. लावताना मानेच्या मागे, जीभ पोहोचणार नाही तिथे, केस बाजूला सारून कातडी दिसली पाहिजे. पिपेटचे टोक कातडीला टेकवून पूर्ण रिकामे करा. केसांवर पडलेले औषध वाया जाते. फिप्रोनिलच्या आधी आणि नंतर ४८ तास अंघोळ नाही.

गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन हा आणखी एक ‘स्वस्त उपाय’. पिसवांवर त्याचा भरवशाचा परिणाम नाही. कोली आणि त्यांच्याशी नाते असलेल्या जातींत एमडीआर१ जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत साचते आणि कुत्रा बेशुद्ध पडतो. गोचिडांसाठीचे अमिट्राझही पिसवांवर चालत नाही. आणि पिसू पळवणारे आवाज काढणारे पट्टे चालत नाहीत, एवढे बोलून पुढे जाऊ.

यात खरे काय?

ही औषधे नदी-तळ्याच्या पाण्यात उतरतात, ही काळजी खरी आहे. इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या पाण्याच्या नमुन्यांवरचा अभ्यास २०२० च्या सुमारास आला, त्यात ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडले. पाण्यातल्या कीटकांना ते अत्यल्प प्रमाणातही मारते. म्हणून थेंब लावल्यावर पाकिटावर दिलेल्या मुदतीत कुत्र्याला नदी-तळ्यात सोडू नका, रिकामी पिपेट नाल्यात टाकू नका. रोज पोहणाऱ्या कुत्र्यासाठी गोळीचा पर्याय डॉक्टरांशी बोलून पाहा. तसेच, काही जुन्या पट्ट्यांतली द्रव्ये खरोखर नको अशी होती. अमेरिकेत प्रोपॉक्सरचे पट्टे बाजारातून काढण्याचे २०१४ मध्ये ठरले. पाकिटावर द्रव्याचे नावच नसेल तर ते घेऊ नये.

चुकीचे लागलेच तर

थरथर, जास्त लाळ, तोल जाणे, उलट्या दिसल्या तर थांबून पाहू नका. कुत्रा किंवा मांजर शुद्धीवर असेल तर लावलेली जागा कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. गरम पाणी नको, त्याने शोषण वाढते. गार पाणीही नको, अंग थंड पडून थरथर बळावते. टॉवेलने कोरडे करा, चाटू देऊ नका. उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका. झटके येत असतील तर धुण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. जाताना पाकीट बरोबर घ्या आणि किती, केव्हा, कोणाला लावले ते लिहून न्या; उपचार त्या द्रव्याच्या नावावर ठरतो. औषध चाटल्यावर लगेच फेस आला आणि बाकी सगळे ठीक असेल तर बहुधा ती कडवट चव असते. पाणी द्या आणि काही तास लक्ष ठेवा. गोळी दिल्यावर उलटीत ती दिसली तर दुसरी स्वतःहून देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा.