वाटपाचा दावा नातवंडांपर्यंत कसा पुरवावा

गावी वडिलोपार्जित घर, मागे 24 गुंठ्यांची वाडी, दोन बरके फणस आणि भांडायला सख्खे चुलतभाऊ एवढं असेल तर तुम्ही नशीबवान आहात राव, लोकांना टाइमपास करायला पैसे मोजावे लागतात.

आधी सातबारा काढा. थोरल्या काकांच्या नावापुढे ए.कु.मॅ. दिसेल. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, कारभारी हो, मालक नव्हे. पण तुम्ही काकांच्या घरातले असाल तर ही अक्षरं तुम्हाला दिसताच कामा नयेत, आणि बाकीच्यांपैकी असाल तर तेवढ्यावर तीस वर्षं काढायची तयारी ठेवा.

चुकूनही सगळ्यांनी एकत्र चहाला बसू नका. चहा पिता पिता कोणीतरी शहाणा बोलतोच की सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारच वाटप करून देतो, कोर्ट कशाला. अशा माणसाला पुढच्या गणपतीला बोलावणं नको.

आत्याला मात्र आवर्जून बोलवा, साडी नेसवा, आणि मोदक वाढता वाढता हक्कसोडपत्र पुढे करा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनचाच असं स्पष्ट केलंय, हे तिला तिच्या जावयाने सांगायच्या आत उरका.

दावा लागला की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची असते, फार तर 90, पण घाई काय आहे, मुदतीचे अर्ज असतात कशाला. दुसऱ्या पार्टीने पडवीवरची फुटलेली कौलं बदलायला घेतली की लगेच मनाई अर्ज टाका. ‘जैसे थे’ मिळाला की झालं, आता पाऊस सगळ्यांच्याच हिश्श्यात गळणार, आणि माजघरात कोणाच्या बाजूने किती टोपं ठेवली याचे फोटो पुरावा म्हणून जोडता येतील.

मधे कोणीतरी वारतं. मग वारस रेकॉर्डवर. आजोबांची चार मुलं म्हणून काकांचे 6 गुंठे, काकांची चार मुलं म्हणून त्यातल्या एकाचे दीड, तो गेला की त्याची बायको नि दोन पोरं, प्रत्येकी अर्धा गुंठा, म्हणजे जेमतेम 544 चौरस फूट आणि त्यात एक फणस!

दावा जिंकलात तरी घाबरू नका, तो प्राथमिक हुकूमनामा असतो, फक्त हिस्से ठरतात. प्रत्यक्ष तुकडे पाडायला घरासाठी कोर्ट कमिशनर, शेतजमिनीसाठी कागद कलेक्टरकडे, मग मोजणी, मोजणीवर हरकत, वर अपील आहेच.

तारखेला जाताना पेन विसरलात तर चुलतभावाकडून घ्या, तोही व्हरांड्यात त्याच बाकड्यावर बसलेला असतो. परत द्यायची गरज नाही, सामाईक आहे म्हणायचं.