तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला सांगणारा तो मेसेज

महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे सहा वेळा आला. 'सेकंड हँड गाडी घेताय? हेड गॅस्केट पाच मिनिटांत ओळखा.' हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधला पातळ थर, आणि मेसेज सांगतो तो गेलाय की नाही ते घरबसल्या कसं बघायचं. खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'गोरगरिबांचे पैसे वाचतील, पुढे पाठवा.' पाच वेळा मी तो पुसून टाकला. सहाव्या वेळी तो पारोळ्याच्या माझ्या भाच्याने पाठवला. नुसता पाठवला नाही, त्यात लिहिलंय तसं करायलाही लागला. म्हणून हे लिहितोय.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला सासरहून स्वतःच्या गाडीने आणायचं, असं त्याने मनात धरलं होतं. धुळ्यात एका विक्रेत्याकडे डिझेल गाडी बघितली आणि मला बोलावलं. माझं चाळीसगावला गॅरेज आहे, त्यामुळे नात्यातल्या कुणाचीही गाडी माझ्या नजरेखालून जाते. एप्रिलची दुपार होती, हायवेवर अर्धा तास गाडी पळवून आणली. मी मागच्या टायरपाशी वाकलो होतो. वर बघतो तर बॉनेट उघडं, इंजिन चालू, भाच्याच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातातलं फडकं रेडिएटरच्या झाकणावर. "मामा, पहिला मुद्दा करून बघतोय." झाकण थोडं फिरलेलं होतं आणि कडेने फस्स आवाज सुरू झाला होता. मी त्याचं मनगट धरून मागे ओढलं. झाकण पहिल्या खाचेवर अडकलं म्हणून पाणी नुसतं कडेने उडालं. तेवढ्यानेही फडकं भिजून दोन बोटांना फोड आले. त्याचा चेहरा झाकणापासून वीतभर अंतरावर होता.

त्या मेसेजचा पहिला मुद्दा असा आहे: 'गाडी चांगली तापवा, इंजिन चालू ठेवून रेडिएटरचं झाकण उघडा, आत बुडबुडे दिसले तर गॅस्केट गेलं.' हे ज्याने लिहिलं त्याने तापलेलं झाकण कधी उघडलेलं नाही. उघडलं असतं तर लिहिलं नसतं.

रेडिएटरचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी समजा. बहुतेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढे बार (दाब मोजायचं माप) जास्त दाब ते आत धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे १०५ अंशांचं पाणी आत गपगार असतं. झाकण निघालं की दाब गेला आणि तेच पाणी त्याच क्षणी उकळून वर उसळतं. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. सगळं पाणी वाफ होत नाही, पण जेवढं होतं तेवढं उरलेल्या उकळत्या पाण्याला तोफेसारखं बाहेर ढकलतं आणि समोर माणसाचं तोंड असतं. मे महिन्यात कन्नड घाट चढताना गाडी तापते, माणूस घाबरून उतरतो आणि आधी झाकणालाच हात घालतो. मान, छाती, हात भाजलेले लोक माझ्या गॅरेजच्या बाकड्यावर बसलेले मी पाहिलेत. भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं धरा आणि डॉक्टरकडे जा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, गाडीच्या कप्प्यात ठेवलेलं कंपनीचं मॅन्युअल काढा. कूलंटचं, म्हणजे रेडिएटरमधल्या इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रावणाचं, पान उघडा. इंजिन गरम असताना झाकण काढू नका, वाफ आणि उकळतं पाणी दाबाने बाहेर येईल, हा इशारा तिथे ठळक छापलेला असतो. बऱ्याच झाकणांवर तो चित्रासकट असतो. ज्यांनी गाडी बनवली ते सांगतात उघडू नका आणि नावगाव नसलेला मेसेज सांगतो उघडा. यात आपण मेसेजचं ऐकतो, याचा मला खरा संताप येतो.

शिवाय असं उघडून कळत काहीच नाही. दाब गेल्यावर चांगल्या इंजिनातलं पाणीही उकळून बुडबुडे देणारच. भाच्याने चांगली गाडी खराब म्हणून सोडली असती, आणि तीही हात भाजून घेऊन.

बुडबुड्यांचा मुद्दा मुळात खोटा नाही, एवढं मान्य करतो. गॅस्केट म्हणजे ब्लॉक (इंजिनचा खालचा भाग) आणि हेड (वरचा भाग) यांच्यामधला पातळ थर. पेटलेला गॅस, पाणी आणि ऑइल या तिघांना तो एकमेकांपासून लांब ठेवतो. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गाडी एकदा जोरात तापली की हेड वाकतं, थर सुटतो आणि गॅस पाण्यात शिरतो. तो गॅस दिसतो, पण थंड इंजिनात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बघायची. आधी रेडिएटरचा वरचा होज पाइप, म्हणजे रबरी नळी, दाबायचा. गार गाडीचा पाइप मऊ लागला पाहिजे. रात्रभर थंड होऊनही तो टणक असेल, तर आत गॅस कोंडलाय. मग गार असतानाच झाकण काढायचं, पाणी वरपर्यंत आहे का, वर तेलाचा तवंग आहे का, रंग गढूळ आहे का ते बघायचं. झाकण उघडंच ठेवून सेल्फ मारायचा आणि तोंड लांब ठेवून बघायचं. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतील, ते थांबतात. रेस दिली की वाढणारे, न थांबणारे बुडबुडे वाईट. पाणी कोमट व्हायच्या आत झाकण परत लावायचं आणि होजवर हात ठेवायचा. पाणी अजून गार आणि पाइप मिनिटभरात दगडासारखा, तर गाडीला नमस्कार करून निघा.

दुसरा मुद्दा, 'ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखं पांढरं नसेल तर गॅस्केट ठणठणीत.' अर्धं खरं. लोणी दिसलं तर सावध व्हावं. पण पावसाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या झाकणालाही दमटपणाने पातळ पांढरा थर येतो, आणि काही इंजिनांत ऑइल कूलर फुटूनही पाणी ऑइलमध्ये उतरतं. उलट गॅस फक्त पाण्यात जात असेल तर ऑइल अगदी स्वच्छ राहतं. भाच्याने बघितलेल्या त्या गाडीचं ऑइलचं झाकण चकाचक होतं.

तिसरा मुद्दा पांढऱ्या धुराचा, तो थोडक्यात सांगतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, तेव्हा कुठल्याही गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि काही मिनिटांत जाते. डिझेल गाडी गार असताना न जळलेल्या डिझेलचाही धूर देते. इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, दाट आहे आणि वास गोडसर आहे, असा धूर कूलंटचा.

चौथा मुद्दा मात्र माणसाला खड्ड्यात घालणारा आहे: 'काटा मध्यावर म्हणजे गाडी कधी तापलेली नाही.' अहो, काटा आत्ताचं सांगतो, मागच्या उन्हाळ्याचं नाही. त्यातही कित्येक गाड्यांत काट्याला मुद्दाम मध्यावर थोपवलेलं असतं, तापमान बरंच खालीवर झालं तरी तो हलत नाही. कित्येक छोट्या गाड्यांत काटाच नाही, नुसता दिवा आहे. पाणी पार संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. आणि आपल्याकडची सर्रास चालणारी गोष्ट म्हणजे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे तो कायम फिरत राहील असा जोडायचा. रोग तसाच, काटा मात्र खूश. एसी बंद ठेवून गार गाडीची चावी फिरवा. फॅन लगेच फिरायला लागला तर तो डायरेक्ट केलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो का केला हे मालकाला विचारा. बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेली रेडिएटरंही इथे गावोगाव आहेत. पाण्यात तांबूस गाळ दिसला तर ती गाडी कूलंटवर चाललेली नाही.

पाचव्यात म्हटलंय, 'थोडं गळत असेल तर हळद टाका, बंद होतं.' हळद, अंड्याचा पांढरा बलक, बाजारातली पावडर, सगळं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं आणि गाडी आणखी तापते. विकणारा हेच करून चार दिवस गळती लपवतो. भाव पाडून गॅस्केट गेलेली गाडी घेता येते, हे मी नाकारत नाही. पण हिशेब नुसत्या गॅस्केटचा धरू नका. हेड उतरवणं, फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), नवे बोल्ट, ऑइल, कूलंट, मजुरी धरा. हेडला तडा निघाला तर सगळं गणित पुन्हा.

खात्री हवीच असेल तर गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून ओढतात. त्यात जळलेल्या गॅसचा कार्बन डायऑक्साइड असला तर निळ्याचं पिवळं किंवा हिरवट होतं. सोबत कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो, ते बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलंय. ज्या विक्रेत्याला यातलं काहीच नको असतं, त्याच्याकडे थांबू नये.

धुळ्याच्या त्या गाडीकडे आम्ही दोन दिवसांनी पुन्हा गेलो, सकाळी सात वाजता, न सांगता. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. विक्रेता म्हणाला, थांबा, जरा गरम करून देतो. मी नको म्हटलं. पट्टी बांधलेल्या हाताने भाच्याने वरचा पाइप दाबला, मी सेल्फ मारला. चाळीसेक सेकंदांत तो म्हणाला, "मामा, पाइप फुगला." पाणी अजून गार होतं. फॅन चावी लावल्यापासून फिरत होता.

अखाजीला बहीण एसटीनेच आली. या रविवारी पाचोऱ्याला एक पेट्रोल गाडी बघायची आहे. मालकाला फोन करून सांगितलंय, आम्ही सकाळी साडेसहाला येतो, तोवर गाडीला चावी लावू नका.