ग्रीन बे पॅकर्सच्या शेअरबद्दल फिरणारा मेसेज चुकीचाय
"पॅकर्सचा शेअर घ्या, डिव्हिडंड पण मिळतो आणि मॅचचं तिकीट पण" असा मेसेज फिरतोय, त्यावर विश्वास ठेवू नका. टीम खरंच लोकांच्या मालकीचीय, १९२३ पासून, आणि अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये जेमतेम लाखभर वस्तीच्या गावाची टीम टिकलीय ती ह्याच लोकांमुळे, मला तर फार भारी वाटतं हे. पण २०२१ ला ३०० डॉलरला विकलेल्या त्या शेअरवर डिव्हिडंड शून्य, तिकिटाचा हक्क नाही, बाजारात विकायचा तर प्रश्नच नाही, फार तर घरच्यांच्या नावावर करता येतो. मिळतं काय तर संचालक मंडळ निवडायला मत. उद्या टीम विकली तरी पैसा शेअरहोल्डरला नाही, पॅकर्सच्याच चॅरिटी फाउंडेशनला जाणार.