अठ्ठावीस मिलिमीटरचा मुलगा

तुळशीबागेतल्या खेळण्यांच्या दुकानात मी खिशातून व्हर्नियर काढला आणि एका मोटारीचं बंपर ते बंपर माप घ्यायला लागलो. दुकानदारानं थोडा वेळ सोसलं. मग विचारलं, "केवढ्या मुलासाठी हवीय?"

"अठ्ठावीस."

"वर्षांचा?"

"मिलिमीटर."

त्यानं माझ्या हातातली गाडी अलगद काढून घेतली आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना भातुकली दाखवायला घेतली.

चूक त्याची नाही. आम्ही चौघे जण, त्यातला एक आजोबा झालेला, एक रविवार सोडून एक रविवार माझ्या जेवणाच्या टेबलावर लढाया खेळतो. पुठ्ठ्याच्या चाळी, बोटाच्या दोन पेरांएवढी रंगवलेली माणसं, फासे आणि शिंप्याची टेप. परदेशात या नादाची माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांना शिकागोची दारूबंदी फार प्रिय. हॅटवाले गुंड, काळ्या फोर्ड, धाडधाड गोळ्या. आम्हीही वर्षभर शिकागोत रमलो. मग एकानं मुद्दा काढला की दारूबंदी काय एकट्या अमेरिकेनं केली? त्यांची १९३३ साली उठली. आपला मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. इथेही रबरी ट्यूबमध्ये भरून हातभट्टी फिरत होती, चोरून दारू विकणाऱ्या 'आंटी'च्या घरी मागच्या दारानं गिऱ्हाइकं जात होती. मग शिकागो कशाला? ठरलं: मुंबई, १९५८. (साल मीच सुचवलं. हे आमच्या घरी कळू देऊ नये.)

माणसांचं जमून गेलं. परदेशी गुंडाची हॅट तासली, पँट गुडघ्यापर्यंत निळी आणि खाली कातडीच्या रंगाची केली, की हाफपँटीतला हवालदार तयार. पण मोटार कितीही तासली तरी तिची दुसरी मोटार होत नाही.

१९५८ च्या मुंबईच्या रस्त्यावर काय काय हवं? डुक्कर फियाट, म्हणजे गोल पाठीची जुनी ११००, हवी. लँडमास्टर हवी, नुकतीच आलेली अ‍ॅम्बॅसेडर हवी, एखादी लांबलचक डॉज हवी. पोलिसांना विलीज जीप. आणि टाटाचा ट्रक, पण त्याच्या नाकावर मर्सिडीजचा तारा हवा, कारण १९५४ पासून टाटा ते ट्रक जर्मन डायमलर-बेंझच्या साथीनं बनवत होते. (तारा मी बायकोच्या जुन्या कानातल्यातून मिळवला. जोडीतलं दुसरं कानातलं आता ती मला रोज दाखवते.)

आणि दुकानात काय मिळतं? काळीपिवळी टॅक्सी. जिकडे जावं तिकडे काळीपिवळी. तिला कुणी फियाट म्हणो, कुणी पद्मिनी, तो डौल साठच्या दशकातला, आणि पद्मिनी हे नाव तर १९७४ चं. बरं, नंबर प्लेट? एमएच ०१! एमएच आली १९८९ मध्ये. १९५८ साली एमएच तर सोडाच, महाराष्ट्र व्हायलाच दोन वर्षं बाकी होती. दारूवाल्याला पकडण्याआधी हवालदारानं ती टॅक्सीच खोटी प्लेट म्हणून जप्त केली असती.

बायको म्हणाली, "डुक्कर काय, पद्मिनी काय, चार चाकं आहेत ना?"

हे वाक्य तिनं अप्पांसमोर उच्चारलं नाही हे बरं. अप्पा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनी स्वतः डुक्कर वापरली आहे, सेकंडहँड, अकरा वर्षं. ते आमच्यात खेळत नाहीत. फक्त खुर्ची ओढून बसतात आणि चुका काढतात.

आता मापाचं. आमची माणसं पायापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:५६ चं प्रमाण, खऱ्याच्या छप्पन्नाव्या हिश्शाएवढं. या प्रमाणात डुक्कर फियाट पावणेसात सेंटिमीटरची हवी. पण मोटारी बनवणाऱ्यांना आमची फिकीर नाही. हौशी संग्राहकांच्या गाड्या १:४३ च्या. त्यांच्याजवळ आमचा हवालदार उभा केला तर बापाच्या गाडीची काच पुसायला आलेलं पोर वाटतो. पोरांच्या स्वस्त गाड्या १:६४ च्या म्हणतात. तिथे तोच हवालदार गाडी काखोटीला मारून चौकीत नेईल. मुलीसाठी स्थळं बघावीत तसं चाललं होतं. घराणं चांगलं तर उंची कमी, उंची जुळते तर वयात सोळा वर्षांचं अंतर, आणि सगळं जुळून आलं की ते आधीच ठरलेलं असायचं, जपानमधल्या कुणाशी तरी.

जुना बाजार बुधवार-रविवार भरतो. मी सलग सहा रविवार गेलो. तिथे पितळी समया, बंद घड्याळं, एका पायाचं टेबल, कुणाच्या तरी मुंजीचा फोटो, सगळं मिळालं. एका फडक्यावर चाकं नसलेली एक मोटार दिसली. मी बेफिकीर चेहरा करून भाव विचारला, पण हात खिशातल्या व्हर्नियरकडे गेला आणि त्यानं ते पाहिलं. ऐंशीची गाडी जागच्या जागी सहाशेची झाली. घरी येऊन घासली तर ती स्कोडा निघाली.

गंमत म्हणजे माझं लहानपण असं नव्हतं. दिवाळीत आम्ही किल्ला करायचो. माती, गोणपाट, अळीव पेरून झाडी. कुंभारवाड्यातून आणलेला मावळा महादरवाज्यापेक्षा उंच असायचा, म्हणून तो कायम दरवाज्याबाहेर. तळ्यात प्लास्टिकचं बदक, बदकाहून लहान हत्ती, आणि बालेकिल्ल्याच्या वाटेवर एक लाल ट्रक, 'रसद' म्हणून. सिंहासनावरच्या महाराजांची त्या ट्रकबद्दल कधी तक्रार आली नाही. तोच मी आता सहा वर्षांच्या फरकावरून रात्री एकला उठून मोटारींच्या जाळ्यांचे फोटो मोठे करून बघत होतो.

शेवटी इटलीतून मागवली. १:४३ का होईना, पण खरी ११००, गोल पाठीची, फिकट राखाडी. पार्सल कस्टममध्ये तीन आठवडे पडून राहिलं आणि सुटलं तेव्हा ड्युटी धरून तिची किंमत इतकी झाली की मी ती बायकोला सांगताना शून्य एक कमी सांगितलं. फियाट मुळात चिमुकली, त्यामुळे टेबलावर खपून गेली. फक्त शेजारची डॉज १:६४ ची होती. म्हणजे आमच्या मुंबईत डुक्कर फियाट नऊ सेंटिमीटरची आणि डॉज आठ. आम्ही त्या दोघींना टेबलाच्या दोन टोकांना ठेवायचं ठरवलं.

अप्पांना बोलावलं. त्यांनी चष्मा बदलला, गाडी तळहातावर घेतली, फिरवली.

"पाठ बरोबर. पुढच्या दाराची बिजागरी मागे, तेही बरोबर. आम्ही कपाटासारखं उघडायचो दार." मी श्वास सोडला. "पण स्टिअरिंग डावीकडे आहे रे."

खोलीत सुतकी शांतता. इटलीची गाडी. डावीकडेच असणार! तीन आठवडे कस्टमनं बघितलं, मी बघितलं, आणि कुणालाच दिसलं नाही. एकानं सुचवलं की गाडी गोव्यातून दारू घेऊन आली म्हणू या, तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते, ते उजवीकडून चालवत असतील. तासभर शोधल्यावर कळलं की पोर्तुगालनं १९२८ मध्ये बाजू बदलली, पण गोव्यानं नाही, शेजारी सगळे डावीकडून चालत म्हणून. पोर्तुगीजांनीही दगा दिला.

मार्ग अप्पांनीच काढला. "लष्कराच्या जुन्या जीपा असायच्या ना, त्यांच्या पाठीवर लिहिलेलं असायचं, लेफ्ट हँड ड्राइव्ह. लिही तसं."

मी शून्य नंबरचा ब्रश घेतला, श्वास रोखला आणि डिकीवर लिहायला लागलो. 'लेफ्ट हँड ड्रा' इथे डिकी संपली. पुढच्या रविवारी पहिल्याच डावात पोलिसांनी ती गाडी अडवली, दोन फाशांवर बारा पडले आणि माझी ट्यूबभर हातभट्टी दादरच्या पुठ्ठ्यावर सांडली.

मग दिवाळी आली. पुतणीनं अंगणात रायगड केला. मी बाहेर आलो तर महादरवाज्यासमोर, वीतभर मावळ्याच्या पायाशी, माझी राखाडी फियाट नाक वर करून उभी.

"अगं, ती १९५८ ची आहे!"

"चालेल काका," ती म्हणाली. "मला लालच हवी होती, पण चालेल."

अप्पा काठी टेकत आले. वाकले. बराच वेळ गडाकडे, मग वाटेकडे, मग गाडीकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो, तीनशे वर्षांचा हिशेब आता निघेल.

"चढायची नाही ही," अप्पा म्हणाले. "माझी खंबाटकीलाच उकळायची."