राजवाड्यासह सायकल

मागच्या मंगळवारी भर दुपारी मी मोठेबाबांच्या सायकलीसकट पऱ्हाटीच्या ढिगात गेलो. गाव आमचंच, दर्यापूर तालुक्यातलं. उतारही तोच, मारुतीच्या पारापासून नाल्याकडे जाणारा. आठव्या वर्षी याच उतारावर कैची मारत मी सायकल शिकलो. कोपर सोललं, शर्टभर वाळक्या बोंडांची टरफलं अडकली, त्याचं काही नाही. पारावर सहा जण बसलेले होते, त्याचं वाईट वाटलं.

"अबे, जर्मनीत दोन वर्षं सायकल चालवली म्हणते, अन् इथं ब्रेक मारता नाई आला?"

ब्रेक मारला होता. पण पायाने. पायडल उलटं मारलं, चेन आपली बिनतक्रार मागे फिरली आणि सायकल पुढे गेली.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. निंबाखाली त्यांचं सायकलचं दुकान आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. पुढचं चाक गुडघ्यांत धरून वाकडं हँडल सरळ करत त्यांनी विचारलं, "पाय उलटा मारून ब्रेक कोठी लागते बाप्पा?"

"तिकडं लागते जी."

"काहून? तिकडच्या लोकायले हात नाई काय?"

मग सगळं पहिल्यापासून सांगणं आलं.

कामानिमित्त मी मानहाइमला गेलो. या शहराच्या मधल्या भागात बहुतेक गल्ल्यांना नावंच नाहीत. घरांच्या चौकोनांना अक्षर आणि आकडा दिलाय: क्यू सात, यू तीन. ("म्हंजे एमआयडीसी," पारावरून आवाज आला.) पत्ता सापडायला सोपा, पण पायी फिरून चपला झिजल्या. तेव्हा ठरवलं, जुनी सायकल घ्यायची आणि व्यवहार जर्मनमधूनच करायचा. संध्याकाळच्या वर्गात माझे दोन महिने झाले होते. दोन महिन्यांत माणसाला भाषा येत नाही, पण आत्मविश्वास मात्र भरपूर येतो.

एक जाहिरात सापडली. फारराड म्हणजे सायकल, हे माहीत होतं. पुढे होतं 'मिट श्लोस'. मिट म्हणजे सह. श्लोस? शब्दकोशात पहिलाच अर्थ दिसला: राजवाडा. सायकल, राजवाड्यासह. आता इतका खुळा मी नाही. राजवाडा फुकट देणार नाहीत, हे कळत होतं. मानहाइमला खरोखरच एक अवाढव्य राजवाडा आहे, १७२० मध्ये बांधायला घेतलेला. आता तिथे विद्यापीठ भरतं. मी अर्थ लावला, राजवाड्यापाशी या. फोनवर विकणारे आजोबा भराभर जे बोलले त्यातलं मला फक्त 'चार वाजता' कळलं, आणि तेवढं पुरेसं वाटलं. चार ते पावणेपाच मी त्या पटांगणात उभा. सायकलवरून जो येईल त्याच्याकडे आशेने हात हलवत होतो. दोन पोरींनी उलट हात हलवला, एकीने रस्ता बदलला. शेवटी आजोबांचाच फोन आला. त्यांच्या दारात पोचल्यावर त्यांनी माझ्यासमोर एक जाड साखळी धरली, तिला कुलूप. "श्लोस," म्हणाले. शब्दकोशात दुसऱ्या नंबरवर हाच अर्थ होता. मी तिथवर गेलोच नव्हतो.

वर्गात आमची बाई सायकलचं चित्र दाखवून एकेका भागाचं लिंग विचारायची. अमेरिकेतून आलेला एक पोरगा कपाळाला हात लावायचा: निर्जीव वस्तूला तीन-तीन लिंगं कशी! मी मनात हसायचो, आपल्याकडे तो-ती-ते पाळण्यातच शिकवतात. पण ते घर आपल्यासारखं असलं तरी सामान भलत्याच खोलीत ठेवलेलं. चेन ती, घंटी ती, कुलूप ते, चाक ते. इथवर दोन्हीकडे सोयरीक जुळते. मग एकदम सायकलच 'ते'! हँडल 'तो', आणि हवा भरायचा पंप 'ती'. पंप ती हे ऐकून मोठेबाबांचा हात थांबला. कोपऱ्यातल्या आपल्या पंपाकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

तरी माझी खरी शान आकड्यांत होती. जर्मन लोक पंच्याऐंशी म्हणतात ते 'पाच-आणि-ऐंशी', अगदी आपल्यासारखं उजवीकडून. इंग्रजीत वाढलेली पोरं ५८ लिहायची, मी डोळे मिटून ८५. आजोबांनी पंच्याऐंशी युरो सांगितले. दर्यापूरच्या बाजारात घडलेला माणूस पहिला भाव मान्य करत नाही. मान हलवली, टायरवर बोट दाबलं, उसासा टाकला. (उसाशाला व्याकरण लागत नाही.) आजोबा खाली आले: नऊ-आणि-सत्तर. माझ्या कानात 'नऊ' आणि 'सत्तर' पडले, आणि वऱ्हाडी डोक्याने परस्पर एकोणसत्तर करून टाकलं. मी सत्तर युरो त्यांच्या हातावर ठेवले आणि एक युरो परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनीही हात पुढे केला. दोन माणसं आपापला तळवा पसरून फाटकात उभी. शेजारीण गॅलरीतून बघतेय. शेवटी त्यांनी खिशातली पेन्सिल काढून भिंतीवर लिहिलं: ७९. आपल्याकडे नऊ आला की आकडा पुढच्या घरात जाऊन एकोणऐंशी होतो, हे त्यांना समजावून सांगण्याइतकं जर्मन माझ्याजवळ नव्हतं. नऊ युरो दिले.

त्यात आजोबांची भाषा. मी पुस्तकातून 'निष्ट' म्हणजे नाही असं शिकलेलो, ते म्हणायचे 'नेट'. मानहाइमला ते 'मॉनेम' म्हणत. त्यांचं अर्धं वाक्य मला पोचेना, माझं घासूनपुसून केलेलं वाक्य ऐकून त्यांना हसू येई. पुण्याचा पाहुणा आमच्या बसस्टँडवर उतरावा आणि कुणी त्याला "काऊन बे, कोठी चालला?" विचारावं, तसं माझं झालं होतं. फरक एवढाच की या वेळी पुणेकर मी होतो. सहज म्हणून मीही 'मॉनेम' म्हणून पाहिलं, तर म्हातारा असा खुलला की 'ती' पंपही फुकट दिली. मग सायकलीवर थाप मारून म्हणाले, "अला होप!"

"म्हंजे?" मोठेबाबांनी विचारलं.

"चाल मंग."

"मंग असं म्हण ना."

आजोबांनी जाता जाता गावाचा मोठेपणाही सांगितला. सायकलचा पूर्वज मानहाइममधलाच. १८१७ मध्ये कार्ल ड्राइसने दोन चाकांच्या लाकडी गाडीवर बसून, पायांनी जमीन ढकलत इथून फेरी मारली. तिला पायडल नव्हतं, चेन नव्हती.

"घंट्याच्या भाड्यावर देतो ते सायकल, तशीच," पारावरून कोणी तरी बोललं. मोठेबाबांनी पान्याकडे नुसतं पाहिलं, तो माणूस गप्प झाला.

आणि मग ब्रेक. सायकलवर बसलो, फाटकापाशी थांबताना पायडल उलटं फिरवून उजवा पाय वर आणायला गेलो. ही आपली जन्माची सवय. सायकल जागच्या जागी खिळली, मी हँडलवर आडवा. अशा सायकलीत ब्रेक मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्येच असतो. पायडल मागे दाबलं की आतून पकड बसते. त्या फाटकात पडलो ते पायडल उलटं फिरवलं म्हणून, आणि दोन वर्षांत पाय असा वळला की इथे पडलो तेही उलटं फिरवलं म्हणूनच.

मोठेबाबांना राजवाडा, आकडे, लिंग यांचं काहीच नव्हतं. हबमध्ये ब्रेक, यावर मात्र ते खिळले. "छर्रे कोठी जातात मंग? आगपेटीएवढ्या जागेत?" मी मोबाइलमध्ये चित्र दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीन नाकाला लावून त्यांनी कोन, छर्रे, पकडीचे तुकडे मोजले. दहा मिनिटं पारावर कोणी बोललं नाही. "साफ करून ग्रीस भरावं लागत असन," एवढंच म्हणाले. आवाजात किंचित हेवा होता.

मी सांगितलं, तिकडे अंधारात दिवा न लावता चालवली तर २० युरो दंड.

"म्हंजे?"

"दोन हजारांच्या घरात."

"दिवा त त्याच्यापेक्षा स्वस्त पडते जी!"

हँडल सरळ झालं होतं. तेवढ्यात एक पोट्टा सायकल ढकलत आला, मागचं चाक बसलेलं. मोठेबाबांनी पाण्याचं घमेलं पुढे ओढलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "पंचरले काय म्हणतात थे लोक?"

"प्लाटन."

"तो का ती?"

"तो."

त्यांनी पोट्ट्याकडे पाहिलं. "काय बे, प्लाटन झाला काय?"

"नाई जी. पंचर हाय."

"तेच ते. ट्यूब काढ."