पट्टा पुसला जातो त्याचे काय?
बुरशीकडून हवे ते प्रथिन बनवून घेण्यावरचा लेख वाचला. बुरशी प्रथिन थेट माध्यमात (ती वाढते त्या पोषक द्रवात) स्रवते, त्यामुळे पेशी फोडाव्या लागत नाहीत आणि शुद्धीकरण सोपे होते, हे त्यातील विधान मला अर्धेच खरे वाटते. ॲस्परजिलस नायजर ही बुरशी स्वतःचे ग्लुकोॲमायलेज (स्टार्च तोडणारे विकर) लिटरमागे 20 ग्रॅमहून अधिक स्रवू शकते हे खरे, पण त्याच माध्यमात ती प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारी विकरेही सोडते आणि दुसऱ्या जीवाचे जनुक घालून बनवून घेतलेल्या परक्या प्रथिनाचा पहिला घास तीच घेतात. आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात जेलवर (त्यात प्रथिने आकारानुसार वेगळी होऊन पट्ट्यांसारखी दिसतात) आमच्या प्रथिनाचा ठसठशीत दिसलेला पट्टा चौथ्या दिवशी जवळजवळ पुसला गेला होता, त्याखाली तुकड्यांचा फिकट ओघळ तेवढा उरला होता. माध्यमाचा सामू तोवर 3 पर्यंत उतरला होता आणि आम्लात काम करणाऱ्या प्रोटिएजना तो चांगलाच मानवतो.

म्हणूनच प्रोटिएजची जनुके निकामी केलेल्या वाणांचा साधा उल्लेखही लेखात नसावा, याची खंत वाटली. वासराचे प्रोकायमोसिन (चीजसाठी दूध साकळवणाऱ्या कायमोसिन या विकराचे आधीचे, निष्क्रिय रूप) ग्लुकोॲमायलेजला जोडून स्रवायला लावण्याची युक्तीही सांगायला हवी होती: बुरशीच्या ओळखीच्या प्रथिनाचा हात धरून परके प्रथिन पेशीबाहेर पडते आणि पुढे आम्लात स्वतःच तुटून कायमोसिन मोकळे होते.